रविवारी चार वाजता आईची किटली वाजते

ही हकीकत मी आजवर तिघांना सांगितली. त्यातले दोघे बहिरे होते आणि तिसरे आमच्या चर्चचे फादर. तिघांपैकी कुणीही मला वेडी म्हटलं नाही, म्हणून आता तुम्हाला सांगतेय.

यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. विश्वास ठेवा, नका ठेवू. मी काही तुमच्या दारात कौल मागायला आलेली नाही.

दिवस रविवार, ११ जानेवारी १९७६. गाव अमेरिकेतलं बफलो. वेळ दुपारी चारची. बाहेर गुडघाभर बर्फ होता.

भुतं रात्री येतात म्हणे. माझ्याकडे जे आलं ते दिवसाढवळ्या आलं...

आणि फोन करून आलं.

माझं नाव लोरेटा डुडेक. माझे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. वडील, वॉल्टर, वर्तमानपत्राच्या छापखान्यात अक्षरं जुळवायचे. आई, हेडविग, शिवणकाम करायची. दोघं रॉचेस्टरला राहायची. तिथून बफलो मोटारीनं दीड तास.

घरात ऐकू येणारी मी एकटी. सहा वर्षांची असल्यापासून मी त्यांचा फोन होते. डॉक्टर, घरमालक, नळवाला, बँक. मोठी माणसं मोठ्या माणसांशी बोलायची आणि मधे मी, वेणीला रिबन बांधून. घरमालकानं दिलेल्या शिव्यासुद्धा मीच हातांनी करून दाखवायची. त्यातल्या निम्म्या गाळायची.

अजून एक काम माझं होतं.

आमच्याकडे शिट्टीची किटली होती. बहिऱ्यांच्या घरात शिट्टीची किटली कशाला, असं तुम्ही म्हणाल. लग्नात कुणीतरी दिली होती, आणि आई एकदा आलेली वस्तू टाकायची नाही. पाणी उकळलं की ती कानठळ्या बसेपर्यंत किंचाळायची. आई तिच्याकडे पाठ करून शांतपणे कांदा चिरत असायची. मी असेन तिथून धावत यायची आणि गॅस बंद करायची. आई वळून माझ्या गालाला पीठ लावायची.

मी मोठी झाले आणि बफलोला एका संगणक केंद्रात नोकरीला लागले. तिथे मला एक गोष्ट दिसली आणि डोक्यात उजेड पडला.

आमच्या जुन्या संगणकाला पडदा नव्हता. त्याच्याशी बोलायचं ते टर्मिनलवर. टर्मिनल म्हणजे काय, तर दोन माणसांना उचलणार नाही असला लोखंडी टाइपरायटर. तुम्ही टाइप करायचं, ते तारेतून संगणकाला पोचायचं. मग संगणक बोलायला लागला की बटणांना कुणीही हात न लावता ते धूड धडधड करत कागदावर उत्तर छापायचं. नवीन माणूस पहिल्यांदा बघायचा तेव्हा दोन पावलं मागे सरायचा.

नवी यंत्रं आली तशी ही जुनी भंगारात निघाली. आणि बहिऱ्यांनी ती उचलली. अशी दोन यंत्रं फोनच्या तारेनं जोडली की या टोकाला टाइप केलेलं त्या टोकाला छापलं जातं. मधे संगणकही नको आणि कानही नको.

बाबांच्या छापखान्यात ओटो ब्रूगर म्हणून त्यांचा बहिरा मित्र होता. हात सोन्याचे, तोंड चालत नसलं तरी खोडी अंगात मुरलेली. मी भंगारातून दोन यंत्रं मिळवली. ओटोनं ती फोनला जोडायची पेटी घरीच बनवली. रिसीव्हर तिच्या रबरी खळग्यांत ठेवायचा, की समोरच्या यंत्राचा आवाज तारेतून आत यायचा. बाजूला एक लाल दिवा. तारेत कसलाही आवाज असला की तो लागायचा. एक यंत्र आईकडे, एक माझ्याकडे.

"आता तुझी सुटका," ओटो मला हातांनी म्हणाला. "यापुढे घरमालकाच्या शिव्या त्याच्याकडून लेखी घेऊ."

खरंच सुटका वाटली होती मला.

दर रविवारी चार वाजता आई फोन करायची. या बोलण्याचे नियम होते, आणि आमची माणसं ते देवासारखे पाळायची. एका वेळी एकानंच टाइप करायचं, नाहीतर अक्षरांची खिचडी व्हायची. आपलं झालं की शेवटी दोन ठरलेली अक्षरं टाकायची. त्यांचा अर्थ, माझं संपलं, आता तुझी पाळी. मी इथे सरळ 'तू बोल' असंच लिहिते.

ती दोन अक्षरं आल्याशिवाय समोरच्यानं बटणाला बोट लावायचं नाही.

निरोपाचेही नियम. 'थांबू का' असं विचारायचं. समोरच्यानं 'थांब' म्हटलं तरच फोन ठेवायचा. बहिऱ्या माणसांचा निरोप म्हणजे तशीही तासाभराची गोष्ट. अंगात कोट चढवून दारात उभी राहतील आणि मग खऱ्या गप्पा सुरू करतील. न विचारता निघून जाणं म्हणजे तोंडावर दार आपटणं.

त्या रविवारचं बोलणं माझ्याकडे अजून कागदावर आहे.

आईनं लिहिलं होतं, "दोन दिवस डावा हात जड वाटतो. उद्या डॉक्टरकडे जाते. तू येशील का बोलायला. तू बोल."

मी आठवडाभर डबल पाळी करून पिचले होते. हे कारण मी गेली पन्नास वर्षं स्वतःला सांगतेय.

मी लिहिलं, "उद्या मला काम आहे. आई, मी सत्तावीस वर्षांची झाले. मी तुझी मुलगी आहे, तुझा फोन नाही. माझं अख्खं लहानपण तुमच्यासाठी बोलण्यात गेलं. डॉक्टरला कागदावर लिहून दाखव. मला आता माफ करा सगळ्यांनी."

त्या यंत्राला सगळी अक्षरं एकाच आकाराची. लाडानं लिहिलेलं आणि रागानं लिहिलेलं सारखंच दिसतं. तरी आईला कळलं असणार.

मी 'तू बोल' लिहिलं नाही.

रिसीव्हर उचलला. ठेवायला नेताना तो क्षणभर कानाजवळून गेला...

लांबून किटली वाजत होती.

मला ऐकू आली. नीट ऐकू आली.

मी फोन ठेवला.

आता माझं पाप काय ते समजून घ्या. समोरच्यानं फोन ठेवला तर तुम्हाआम्हाला टोन ऐकू येतो. आईला कसा येणार? आणि ओटोच्या पेटीला माणसाचा आवाज आणि नुसता टोन यातला फरक कळायचा नाही. तिचा दिवा लागलेलाच राहायचा. आईला वाटलं असणार, लोरेटाचं अजून संपलेलं नाही. लोरेटा विचार करतेय. आपली पाळी आलेली नाही.

ती बसून राहिली.

बाबा बहिऱ्यांच्या क्लबात पत्ते खेळायला गेले होते. सात वाजता परत आले. आई यंत्रासमोर खुर्चीत होती, हात मांडीवर, नजर कागदाकडे. हृदय बंद पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, चार ते सहाच्या दरम्यान कधीतरी. म्हणजे ती दहा मिनिटं थांबली की दोन तास, हे कुणालाच सांगता येत नाही. किटली आटून बुडाला काळी पडली होती.

बाबांनी मला त्याच यंत्रावरून कळवलं.

माझ्या घरात घंटा वाजली, मी रिसीव्हर खळग्यात ठेवला आणि कागदावर चार शब्द उमटले.

"आई गेली. तू बोल."

मी काय बोलणार होते? कपाळ माझं.

बाबांनी यंत्रावरचा तो कागद फाडून घेतला होता. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलेला मला दिसत होता. मातीला गेलो तेव्हाही तो खिशात होता. ते एका शब्दानं काही बोलले नाहीत. एखादी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

त्यांना ते यंत्र डोळ्यांसमोर नको होतं. ओटोनं ते नेलं आणि दुसऱ्या एका कुटुंबाला द्यायचं म्हणून आपल्या गॅरेजमध्ये पार खोलून ठेवलं. बाबांनी फोनसुद्धा काढून टाकला. हे नीट लक्षात ठेवा. रॉचेस्टरच्या त्या घरात आता ना यंत्र होतं, ना फोन.

८ फेब्रुवारी. रविवार. दुपारचे चार...

माझा फोन वाजला.

मी उचलून कानाला लावला. कुणी बोलेना. चुकीचा नंबर असेल म्हणून ठेवणार, तेवढ्यात फार लांबून काहीतरी ऐकू आलं. बारीक. एकसारखं.

किटली.

मी रिसीव्हर आपटला. मग स्वतःलाच समजावलं. जगात किटल्या काय कमी आहेत? लोरेटा बाई, झोप काढ जरा.

पण सांगते ना, शिट्टी वाजायला लागली की कुणीही माणूस उठतो आणि गॅस बंद करतो. अर्ध्या मिनिटात, फार तर एका मिनिटात. ही वाजतच होती. किटली अशी वाजू देणारं घर मला एकच माहीत होतं.

पुढचा रविवार. चार वाजले...

फोन वाजला. मी उचललाच नाही. उशी डोक्यावर घेऊन बसले. तो वाजत राहिला, वाजत राहिला. पंचवीस मिनिटं. मग थांबला.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढून तडक ओटोकडे गेले. आईचं यंत्र त्याच्या बाकावर पडलं होतं, स्क्रू एका डब्यात, मोटर दुसरीकडे, बटणं वर्तमानपत्रावर मांडलेली. मी त्याला सगळं सांगितलं. सांगताना माझे हात थरथरत होते. आमच्या भाषेत हात थरथरणं म्हणजे जीभ अडखळणं.

ओटोनं थट्टा केली नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

"वॉल्टरला आठवडाभर तुझ्याकडे ने," तो म्हणाला. "तू एकटी राहू नकोस. आणि तोही."

बाबा आले. ते येणार म्हणून मी घंटेला एक दिवा जोडून घेतला, घंटा वाजली की तो लुकलुकायचा. फोनचं मी त्यांना काही सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार?

२२ फेब्रुवारी. मी दुपारी पिएरोगी केले होते, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या. बाबांनी दोन खाल्ले आणि ताट बाजूला सारलं.

"आईसारखे नाही झाले," मी म्हणाले.

"तिचेही नीट व्हायचे नाहीत," बाबा म्हणाले. "तीस वर्षं मी खोटं बोललो."

आई गेल्यापासून पहिल्यांदा आम्ही दोघं हसलो. घड्याळ मला दिसत होतं.

चार...

दिवा लुकलुकायला लागला.

बाबांनी दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जागची हलले नाही.

"उचल ना."

मी मान हलवली. नको. बाबा उठले, यंत्राचं बटण दाबलं, मोटर घुमू लागली. त्यांनी स्वतःच रिसीव्हर उचलून खळग्यात ठेवला. लाल दिवा लागला.

काही छापलं जाईना.

बाबांनी यंत्राच्या लोखंडावर तळवा टेकवला. उभे राहिले. एक मिनिट. दोन.

"कुणीतरी आहे," ते म्हणाले.

"कशावरून?"

"दिवा बघ. तारेत कसला तरी आवाज आहे. काय आहे?"

मला खोटं बोलता आलं असतं. लहानपणी निम्म्या शिव्या गाळायची तसं. मी वाकून रिसीव्हरजवळ कान नेला.

"किटली वाजतेय," मी हातांनी सांगितलं.

बाबांचा चेहरा... तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांनी शर्टाच्या खिशातून तो घडीचा कागद काढला. यंत्राशेजारी पसरला. माझ्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मग ओळीनंतरच्या कोऱ्या जागेवर.

"हेडविग शिस्तीची बाई," ते म्हणाले. "समोरच्याचं संपल्याशिवाय मधे कधी बोलायची नाही. तू तिला पाळीच दिली नाहीस."

सहा आठवडे त्यांनी हे पोटात ठेवलं होतं. मी रडायला लागले. रडताना हात डोळ्यांवर जातात आणि बोलणं बंद पडतं, म्हणून बाबांनी माझे हात धरून खाली केले. मग सोडले.

"दे," ते म्हणाले.

मी खुर्चीत बसले. दोन अक्षरं. दोन बटणं. ती काय म्हणेल याची भीती वाटत होती. भुताची नाही हो. आईची.

मी लिहिलं, "तू बोल."

काही नाही.

मोटर घुमत होती. बाबांचा तळवा यंत्रावर होता.

आणि मग... एक अक्षर पडलं.

थांबलं.

दुसरं पडलं.

आई एका बोटानं टाइप करायची. बटण शोधायची, दाबायची, कागद बघायची, मग पुढचं शोधायची. बाबांनी कागदाकडे पाहिलंही नव्हतं. डोळे मिटलेले होते. तळव्याखाली ती अडखळती धडधड लागली तसे त्यांचे ओठ हलले. "तीच," ते म्हणाले. बाबांचा आवाज मी आयुष्यात फार तर पाचदा ऐकला असेल. तो त्यातला एक.

कागदावर उमटलं ते एवढंच.

"बरं. डॉक्टरला कागदावर लिहून दाखवीन. तू रागावू नकोस. तू जेवलीस का. थांबू का. तू बोल."

कसला शाप नाही की कसला राग नाही. तू जेवलीस का.

बाबांनी डोळे उघडून वाचलं. बराच वेळ वाचत राहिले.

"सांग तिला," ते म्हणाले. "थांब म्हण. दमली असेल."

मी बटणांवर हात ठेवले. एकच शब्द होता. तो लिहिला की संपलं. ती रिसीव्हर ठेवणार, उठणार, आणि मग पुढच्या रविवारी...

मी लिहिलं, "जेवले आई. पिएरोगी केले होते. बाबा म्हणतात तुझ्यापेक्षा वाईट झाले."

आणि पुढेही लिहीत गेले. कामाबद्दल, बर्फाबद्दल, ओटोबद्दल. माफी मागितली, वीसदा तरी मागितली असेल. 'थांब' लिहिलं नाही आणि 'तू बोल' सुद्धा लिहिलं नाही. तिला पाळी दिली असती तर तिनं पुन्हा विचारलं असतं, थांबू का. अंधार पडल्यावर कधीतरी लाल दिवा आपोआप विझला.

पुढच्या रविवारी चार वाजता फोन वाजला.

त्याच्या पुढच्याही.

मी वर्षानुवर्षं तिच्याशी बोलत राहिले. म्हणजे मी बोलायची आणि ती ऐकायची. आमच्या केंद्रात पडद्याची टर्मिनल आली, मग तीही गेली, सगळं खिशात मावायला लागलं. मी मात्र ते धूड धुऊनपुसून चालू ठेवलं. ओटो तेल द्यायला यायचा. दर वेळी कागदाकडे बघायचा आणि काही विचारायचा नाही.

बाबा १९८४ मध्ये गेले. दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्यांची बोटं जेमतेम हलत होती.

"तिला सोडलंस?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"खोटं बोलतेस," ते म्हणाले. "पहिल्यांदा रागानं थांबवून ठेवलीस. आता मायेनं. तिला दोन्हीकडून खुर्चीतच बसायचंय."

हे बोलणं मला झोंबलं. घरी आले ती ठरवूनच, या रविवारी सांगायचं. रविवार आला. मी म्हटलं, बाबा गेल्याचं आधी सांगू, आज कसं थांब म्हणणार. मग ख्रिसमस जवळ आला. मग तिचा वाढदिवस. माणसाला कारणांना काय तोटा?

तीन वर्षांपूर्वी ते यंत्र बंद पडलं. मोटर जळली. ओटो कधीच गेलाय. ते दुरुस्त करणारं माणूस मी शोधत राहिले, गावोगाव पत्रं पाठवली, कुणी मिळालं नाही. एका संग्रहालयात अगदी तसंच यंत्र आहे, काचेच्या पेटीत. 'हात लावू नये' अशी पाटी आहे. मी तिथल्या पोराला म्हटलं, मला फक्त एक शब्द टाइप करायचाय रे बाबा. तो म्हणाला, आजी, ते कशालाच जोडलेलं नाही.

आता मी पंचाहत्तरी ओलांडली. घरातला तो फोन मी काढलेला नाही. आजही रविवार आहे. हे तुम्हाला सांगेपर्यंत पावणेचार झाले.

थोड्या वेळानं तो वाजेल.

मी रिसीव्हर कानाला लावीन. मग त्यात तोंड घालून मोठ्यानं सांगीन, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. गेली तीन वर्षं दर रविवारी सांगतेय. थांब आई. आता थांब. ऊठ तिथून, गॅस बंद कर.

तिला कुठून ऐकू येणार?

किटली वाजत राहते.